साहेबांना बरं वाटेल

सरकारी सभागृहात पहिल्या रांगेतल्या सोफ्यावरून गाणं नीट ऐकू येत नाही. माणूस सोफ्यात खोल रुततो, मंच उंच असतो, मान अवघडते आणि गवयापेक्षा त्याचे गुडघेच जास्त दिसतात. खरे कानसेन सातव्या-आठव्या रांगेत बसतात. तरीही सत्तावीस वर्षांच्या नोकरीत सातव्या रांगेसाठी मला एकही फोन आला नाही. सोफ्यासाठी आलेल्या फोनांचा हिशेब ठेवणं मी फार लवकर सोडून दिलं.

नवऱ्याची बदली सेक्टर ३९मधल्या संशोधन संस्थेत झाली म्हणून मी बार्शीहून चंदीगडला आले. परीक्षा देऊन इथल्या एका सरकारी कला केंद्रात कारकून म्हणून लागले आणि कार्यक्रम अधिकारी म्हणून निवृत्त झाले. माझं आडनाव वैद्य. पहिल्या वर्षी ऑफिसातल्या तिघांनी मला गुडघेदुखीवर औषध विचारलं होतं. कलेतलं मला फारसं कळत नव्हतं, आणि ते माझ्या पथ्यावरच पडलं. आमच्या कामात कलेपेक्षा माणसं कळावी लागतात.

हे शहर दोन राज्यांची राजधानी आहे, शिवाय त्याचं स्वतःचं प्रशासन वेगळं. म्हणजे एका गावात तीन सरकारं. सचिव तीन तऱ्हेचे, मंत्री दोन तऱ्हेचे, आणि त्या सगळ्यांचे साडू, मेव्हणे, व्याही. सोफे मात्र बाराच. कुणाला मध्ये बसवायचं आणि कुणाला कडेला, यावर आम्ही जितका विचार करायचो तितका कोणता राग आधी व्हावा यावर कधीच केला नाही.

बाहेरच्यांना वाटतं, कार्यक्रम समिती ठरवते. ठरवतेच. कलावंतांचे अर्ज येतात, सोबत गाण्याचं ध्वनिमुद्रण येतं, समितीतले जाणकार ते ऐकून गुण देतात आणि यादी बनते. मग यादी संचालकांच्या सहीला जाते आणि पत्रिका छापायला टाकतात. समितीच्या हातून निघालेली यादी छापखान्यात पोचेपर्यंत चार-पाच दिवस जातात. आमच्या धंद्यातलं सगळं बरंवाईट त्या चार-पाच दिवसांत घडतं.

त्या दिवसांत कुणी हुकूम देत नाही. फोन येतो, तब्येतीची चौकशी होते, मुलाचं कॉलेज कसं चाललंय हे विचारलं जातं. मग सहज म्हणून, 'समारोह की तैयारी कैसी चल रही है जी?' आणि मग एक नाव येतं. नाव घेणारा कधी म्हणत नाही की यांना घ्या. तो म्हणतो, 'बहुत अच्छा गाते हैं.' मी इकडून 'जी' म्हणते. फोन ठेवल्यावर त्यानं काही मागितलेलं नसतं आणि मी काही कबूल केलेलं नसतं, पण दोघांनाही काय झालं ते पक्कं ठाऊक असतं.

वजन म्हणजे नेमकं काय असतं, हे मला भल्ला साहेबांनी शिकवलं. उंच, पांढऱ्या मिशा, ताठ चाल. प्रत्येक कार्यक्रमाला दहा मिनिटं आधी यायचे आणि पहिल्या रांगेत कडेच्या सोफ्यावर बसायचे. आमची माणसं त्यांना चहा द्यायची, प्रमुख पाहुणे हात मिळवायचे. माझ्या आधीच्या बाईंनी मला सांगितलं होतं, 'भल्ला साहब का ध्यान रखना.' मी रखलं. एकदा एका चित्रकारानं त्यांना विनंती केली, त्यांनी आमच्या कलादालनात फोन केला आणि चित्रकाराला प्रदर्शनासाठी तारीख मिळाली. तीन वर्षांनी निमंत्रितांची यादी नव्यानं टाइप करताना त्यांच्या नावापुढे हुद्दा काय लिहावा म्हणून मी त्यांनाच विचारलं.

ते म्हणाले, 'बेटा, माझं सेक्टर बावीसमध्ये विजेच्या सामानाचं दुकान होतं. आता मुलगा बघतो.'

'मग सर, तुम्ही इथे?'

'पहिल्या दिवशी चुकून पुढे बसलो. कुणी उठवलं नाही. दुसऱ्या दिवशी चहा आला.' मग त्यांनी विचारलं, 'मागे जाऊन बसू का?'

मी त्यांना बसू दिलं. हुद्द्याच्या जागी 'ज्येष्ठ रसिक' असं लिहिलं. तीन वर्षं आम्ही सगळे एकमेकांकडे बघून त्या माणसाला मोठं करत होतो आणि त्यानं एकदाही खोटं सांगितलं नव्हतं.

यावरून मी शहाणी व्हायला हवं होतं. झाले नाही. म्हणून दविंदर कौरचं प्रकरण घडलं.

मार्चमध्ये आमचा तीन दिवसांचा संगीत समारोह असतो. रोज दोन कलावंत, म्हणजे सहा जागा आणि अर्ज दीडशेच्या वर. दविंदर कौर चंदीगडजवळच्या खरड गावात एका खासगी कॉलेजात संगीत शिकवायची. पन्नाशीची, घरात गाण्याची परंपरा नाही, कुणा मोठ्याचा हात डोक्यावर नाही. सहा वर्षं ती अर्ज करत होती. त्या वर्षी तिला सगळ्यांत जास्त गुण पडले. समितीतल्या एका वयस्कर उस्तादांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'यांना इतकी वर्षं का बोलावलं नाही?' मी तिला फोन करून कळवलं. मग ती म्हणाली, 'मैडम, एक बार फिर से बोलेंगे?' मी पुन्हा सांगितलं.

दोन दिवसांनी सेठींचा फोन आला. सेठी हे एका फार मोठ्या अधिकाऱ्याचे स्वीय सचिव. ज्या खात्याखाली आमचं केंद्र येतं, ते खातंच त्या साहेबांच्या हातात होतं. सेठींनी माझ्या मुलाची चौकशी केली. मग म्हणाले, 'मल्होत्रा मैडम आजकल ग़ज़ल गा रही हैं. दिवाली के मिलन में गाया था, साहब बहुत खुश थे.' मल्होत्रा मॅडम म्हणजे साहेबांच्या पत्नी. मी 'जी' म्हटलं. सेठी म्हणाले, 'साहब को अच्छा लगेगा.'

मी संचालकांकडे गेले. आमचे चड्ढा साहेब सज्जन माणूस, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. त्यांनी ऐकून घेतलं, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, 'देख लेना.'

'देख लेना' याचा अर्थ सरकारी नोकरी न केलेल्यांना सांगायला हवा. याचा अर्थ, काम कर, पण मी सांगितलं म्हणू नकोस.

पाच जणांना हलवणं अवघड होतं. कुणाच्या मागे घराणं होतं, कुणाच्या मागे आमदार, कुणी दिल्लीचा नावाजलेला. दविंदरच्या मागे कुणी नव्हतं. मी तिच्या नावावर रेघ ओढली आणि पुढे लिहिलं, 'तांत्रिक कारणास्तव पुढील वर्षी विचार व्हावा.' मग तिला फोन केला. काय बोलले ते मला नीट आठवत नाही. तिनं शेवटी 'कोई बात नहीं जी, अगले साल' म्हटलं, तेवढं आठवतं.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, 'अगं, तुझ्या जागी कुणीही हेच केलं असतं.' माझी समजूत घालायलाच तो बोलला होता. पण ते वाक्य मला दुसऱ्या दिवशीही टोचत राहिलं.

पत्रिका छापून वाटल्या गेल्या. समारोहाला नऊ दिवस उरलेले असताना दुपारी एक बाई माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. साधा सुती सलवार-कमीज, हातात आमची पत्रिका.

'वैद्य मैडम आप हैं? मैं नीलम मल्होत्रा.'

मी ताडकन उठले. ड्रायव्हर, शिपाई कुणीच सोबत नव्हतं. स्वतः गाडी चालवत आल्या होत्या. बसल्या, पत्रिका माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, 'माझी एक शिफारस होती.'

मला वाटलं, आता फोटो मोठा हवा असेल किंवा दुसऱ्याऐवजी तिसरा दिवस. मी वही उघडली.

'माझं नाव काढून टाका.'

मी वही मिटली. त्या हिंदीत बोलत होत्या, मी मराठीत सांगते. 'तीन वर्षं मास्तर घरी येऊन शिकवतात. बंद खोलीत मी बरी गाते. दिवाळीला चाळीस माणसांसमोर गायले तेव्हा पाय कापत होते. इथे आठशे लोक बसतात. ही पत्रिका घरी आली तेव्हा मला कळलं की मी गाणार आहे.'

'पण मॅडम, सेठीजी म्हणाले...'

'सेठीजींनी मला काही विचारलं नाही. दिवाळीला कुणीतरी म्हणालं, भाभीजींना स्टेजवर आणायला हवं. साहेब हसले. एवढंच झालं. पुढचं सगळं तुम्ही लोकांनी केलं.' मग हळू आवाजात म्हणाल्या, 'आता घरात मी नाही म्हटलं तर ते म्हणतात, घाबरू नकोस, सगळे सांभाळून घेतील. सांभाळून घेतील याचीच तर भीती वाटते. वाईट गायले तरी टाळ्या पडतील आणि मला कधीच कळणार नाही.'

एवढं बोलून त्यांनी सरळ विचारलं, 'माझ्यासाठी कुणाला काढलं का?'

नाही म्हणणं फार सोपं होतं. जीभ त्याच बाजूला वळली होती. पण समोरची बाई इतकी सरळ बोलत होती की मला खोटं बोलायची लाज वाटली. मी दविंदरचं नाव सांगितलं, गुण सांगितले, उस्तादांचा शेराही सांगितला.

त्यांचा चेहरा उतरला. 'हे मला कुणी सांगितलं का नाही?'

'तुमच्यापर्यंत यायला रस्ता कुठे होता मॅडम? तो सेठीजींच्या टेबलावरूनच जातो.'

त्यांनी कोरा कागद मागितला. मी सुचवलं की प्रकृतीचं कारण लिहा, सगळ्यांना सोयीचं. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि एका ओळीत लिहिलं की माझी अजून तयारी नाही, म्हणून मी गाणार नाही. खाली सही केली. जाताना म्हणाल्या, 'ज्यांना काढलंत त्यांना तुम्ही स्वतः जाऊन भेटा. फोन नको.'

कागद घेऊन मी चड्ढा साहेबांकडे गेले. त्यांनी तो दोनदा वाचला. 'सेठी को पता है?'

'नाही सर.'

'देख लेना,' ते सवयीनं म्हणाले.

मी हलले नाही. 'सर, या वेळी तुमची सही हवी. दविंदर कौरना परत घेतलं, असा लेखी आदेश हवा.'

मी असं कधी बोलले नव्हते. चड्ढा साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग पेन उचललं. 'स्वतःचं नाव कापून घ्यायला आलेलं माणूस मी पहिल्यांदा बघतोय,' ते म्हणाले आणि सही केली. दीड वर्ष राहिलेल्या माणसासाठी ती सही लहान नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी खरडला गेले. मोहालीच्या पुढे तेव्हा नव्या इमारती भराभर उठत होत्या. त्यातल्याच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दविंदरचा फ्लॅट. दोन मुली शिकायला बसल्या होत्या. तिनं त्यांना घरी पाठवलं, चहा ठेवला आणि माझ्यासमोर बसली. मी सगळं सांगितलं. फोन कुणाचा आला, रेघ कुणी ओढली, का ओढली. काही लपवलं नाही.

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, 'मैडम, उस दिन फोन पे आपने तीन बार तकनीकी बोला. मैं तभी समझ गई थी.'

'मग तुम्ही काही बोलला का नाहीत?'

'किस से बोलती?' ती म्हणाली. 'तबल्याला लुधियान्याहून माणूस सांगितला होता. कॉलेजात पेढे वाटून झाले होते. मला काढलं हे कुणाला सांगू? मी सगळ्यांना सांगितलं की माझा घसा बसलाय. आठ दिवस झाले, मी वर्गातसुद्धा बसक्या आवाजात बोलतेय.'

मी कप खाली ठेवला. ज्या बाईचं मी गाणं हिरावलं, ती माझं खोटं निभावायला स्वतःचा आवाज दाबून बसली होती.

मी म्हटलं, 'आता तुमची जागा परत आहे. याल ना?'

तिनं लगेच हो म्हटलं नाही. 'मोठ्या बाई गात नाहीत म्हणून उरलेल्या जागेवर मी येणार नाही. समितीनं मला आधी निवडलं होतं, मग ऑफिसनं काढलं आणि ते चूक होतं, असं लिहून द्याल? तर येते.'

असा कागद म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावा. उद्या तिनं तो कुठे दाखवला तर माझी चौकशी लागली असती, सेठी त्याचीच वाट बघत असते. मी पर्समधून पेन काढलं आणि तिच्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहून दिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. तिनं वाचलं, घडी घातली आणि कपाटात ठेवलं. मग तिनं खाकरून घसा साफ केला आणि पहिल्यांदाच मोकळ्या आवाजात म्हणाली, 'परसों से रियाज़ शुरू करूँगी. नहीं, आज से.'

पुढचे आठ दिवस मी बदलीची वाट बघत काढले. सेठींचा एकच फोन आला, 'मैडम, आपने अच्छा नहीं किया,' आणि त्यांनी मुलाची चौकशी न करताच फोन ठेवला. नवरा म्हणाला, फार तर लांबच्या ऑफिसात टाकतील. मी कपाटातल्या फाइली लावून ठेवल्या, म्हणजे येणाऱ्याला शोधाशोध नको.

समारोहाच्या दुसऱ्या दिवशी मल्होत्रा साहेब आणि मॅडम दोघंही आले. मॅडम सोफ्याकडे गेल्याच नाहीत. पाचव्या रांगेत जाऊन बसल्या, त्यामुळे साहेबांनाही तिथेच बसावं लागलं आणि पहिल्या रांगेतल्या सगळ्यांच्या माना मागे वळू लागल्या. दविंदरनं मारवा घेतला. सुरुवातीला तिचा आवाज जरा चाचरला, लुधियान्याच्या तबलजीनं ठेका धरून वाट बघितली आणि दहाएक मिनिटांनी ती खुलली. पुढे पटियाला ढंगाची ठुमरी गायली तेव्हा शेरा लिहिणारे ते उस्ताद मोठ्यानं 'वाह बेटा' म्हणाले. मी विंगेत उभी होते. डोळ्यांना पाणी आलं होतं आणि त्यात आनंदापेक्षा सुटका जास्त होती.

मध्यंतरात साहेबांनी मला बोलावलं. मनातल्या मनात मी सामान बांधलंच होतं.

'वैद्य मैडम आप हैं?' त्यांनी मला नीट बघून घेतलं. 'दस दिन से घर में किसी ने ढंग से खाना नहीं खाया था. अब ठीक है. थैंक यू.' जाता जाता ते म्हणाले, 'मैंने तो किसी को कुछ कहा ही नहीं था.'

ते खरंच होतं. आपल्याला काही म्हणावं लागत नाही, हे त्यांना किती ठाऊक होतं, ते मात्र मला आजही सांगता येणार नाही.

दविंदरनं तो कागद कधी कुणाला दाखवला नाही. मल्होत्रा मॅडमनी दोन वर्षांनी माहेरच्या नावानं रीतसर अर्ज केला. अर्ज कुणाचा हे समितीला कळलंच नाही, तिनं तो नाकारला. त्यांचा मला फोन आला. हसत होत्या. म्हणाल्या, 'दहामध्ये चार. पहिल्यांदा कुणीतरी मला खरं सांगितलं.'

त्यानंतर मी एक साधी सवय लावून घेतली. शिफारशीचा फोन आला की म्हणायचं, 'जी जरूर, फाइलमध्ये नोंद करते. आपलं नाव कसं लिहू?' बहुतेकांना तेवढ्यात दुसरं काम आठवायचं. फोन बंद झाले असं नाही, पण कमी झाले. नोकरीही गेली नाही. इतकी वर्षं ज्या भीतीनं मी मान डोलावली, ती भीती जवळ जाऊन बघितल्यावर बरीच लहान निघाली.

मात्र माझ्या प्रत्येक रेघेला मल्होत्रा मॅडम भेटल्या नाहीत, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. एका तरुण सतारियाचं नाव मी लागोपाठ दोन वर्षं मागे सारलं होतं. तिसऱ्या वर्षी त्याचा अर्जच आला नाही. मी चौकशी केली तेव्हा कळलं, त्यानं सतार विकली. त्याच्या घरी जायचं धाडस मला झालं नाही.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. आता आम्ही एयरोसिटीत राहतो. विमानांचा आवाज येतो, फोन फारसे येत नाहीत. गेल्या मार्चमध्ये समारोहाला गेलो. दारातली नवी मुलगी मला ओळखत नव्हती. तिनं पास विचारला. नाही म्हटलं. 'तो पीछे बैठ जाइए जी,' ती अदबीनं म्हणाली. आम्ही नवव्या रांगेत जाऊन बसलो. गायला कोण होतं, त्याला कुणी आणलं होतं, समितीनं किती गुण दिले होते, मला काही माहीत नव्हतं. गाणं सुरू झालं आणि रंगलं. सत्तावीस वर्षांत सभागृहात बसून मी एकही मैफल शेवटपर्यंत ऐकलेली नव्हती. कुठल्या तरी सुरावर कुणीतरी येऊन खांद्याला हात लावायचं आणि मी उठून दाराकडे पळायचे. त्या संध्याकाळी गवयानं भैरवी धरली तेव्हा गाडी मिळणार नाही म्हणून नवरा उठू लागला.

मी त्याचा हात धरून खाली बसवलं. 'थांब,' म्हटलं, 'मला कुठेच जायचं नाहीये.'